वरई खळ्यातून दुकानापर्यंत: डोंगरपट्ट्यातल्या गटानं साखळी कशी बांधावी

जव्हार, मोखाडा, इगतपुरी, पेठ, अकोले या पट्ट्यात वरई अजून पिकते. शहरात उपवासाला ती हमखास लागते. तरीही डोंगरउतारावरचं तिचं क्षेत्र आटतंय. २०१८ मध्ये केंद्रानं भरडधान्यांना 'पौष्टिक तृणधान्यं' म्हणून अधिसूचित केलं, संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांना दिलं. त्या गाजावाजात नाचणी-ज्वारीची बिस्किटं बाजारात आली, पण वरई पिकवणाऱ्याच्या पदरात फारसं पडलं नाही. पिकवणारा आहे आणि खाणाराही आहे, अडतं ते मध्ये: खडा, ओल, भरड (म्हणजे टरफल काढणं), साठवण आणि दिवाळीच्या तोंडावरची पैशाची नड. या लेखात भर आहे तो याच मधल्या टप्प्यांवर. २५-३० शेतकऱ्यांचा गट, बचतगटांचा संघ किंवा शेतकरी उत्पादक कंपनी यांना डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला आहे.

आधी हे ठरवा: एक पीक घ्यायचं की फेरपालट

सह्याद्रीच्या उतारावर जुनी रीत अशी, की पहिल्या वर्षी नागली (नाचणी), दुसऱ्या वर्षी वरई, तिसऱ्या वर्षी खुरासणी (कारळे), मग जमीन काही काळ पडीक. बांधाला किंवा मध्ये उडीद, तूर, कुळीथ. नागलीला राब भाजून (पालापाचोळा, शेण जाळलेल्या जागेत) रोप तयार करतात आणि जमिनीचा कस तीच सर्वांत जास्त घेते. वरई उरल्यासुरल्यावर भागवते, खुरासणी तर माळावरही येते.

आता गटानं फक्त वरईला चांगला भाव दिला तर काय होईल? शेतकरी त्याच तुकड्यात सलग तीन वर्षं वरई घेईल. खोडमाशी वाढेल, उत्पादन घटेल, खुरासणी गेली की मधमाश्यांचं खाद्यही जाईल, आणि ज्या विविधतेच्या नावानं पाकीट विकायचं तीच संपेल. म्हणून पहिल्या वर्षापासून खरेदीच्या यादीत किमान तीन पिकं ठेवा: वरई, नागली, खुरासणी. मोठ्या प्रमाणात नको, पण ठेवा. नागली आणि खुरासणीला केंद्राचा हमीभाव आहे (२०२५-२६ च्या खरिपासाठी क्विंटलला अनुक्रमे ४,८८६ आणि ९,५३७ रुपये), त्यामुळे बोलणीला आधार मिळतो. वरईला हमीभाव नाही. तिचा भाव तुम्हालाच मांडून दाखवावा लागतो, त्याचा हिशेब पुढे येईल.

आणखी एक पथ्य. घरची वरई सगळी विकत घेऊ नका. प्रत्येक घराला विचारा, वर्षाला खायला किती पायल्या लागतात, बियाण्याला किती. ते बाजूला काढून उरलेल्यातलंच घ्या. चांगला भाव मिळाला म्हणून घरातली वरई विकून रेशनचा तांदूळ खायची पाळी आली, तर त्या साखळीला शाश्वत म्हणायचं कशाला?

बियाणं

सुधारित वाण आहेत. कोल्हापूरच्या विभागीय कृषी संशोधन केंद्राचा 'फुले एकादशी' हा वरईचा वाण, तसंच नाचणीचे 'फुले नाचणी' आणि दापोलीचे वाण सहज मिळतात. ते वापरा, पण सगळ्या गटात एकच वाण पसरवू नका. उतारावर, वरकस जमिनीत हळवी (लवकर पिकणारी) वरई लागते, कारण पाऊस लवकर ओसरला तरी ती पदरात पडते. खाचराच्या वरच्या अंगाला, जिथं ओल टिकते, तिथं गरवी (उशिरा पिकणारी) चालते. दोन्ही असल्या की कापणीही आगेमागे होते, मजुरी सापडते आणि एका अवकाळी सरीत सगळ्यांचा माल भिजत नाही.

स्थानिक बियाणं निवडताना कापणीच्या आधी उभ्या पिकात फिरा. बांधालगतच्या दोन ओळी सोडून शेताच्या मधल्या भागातून, किमान २०० ते ३०० झाडांची कणसं घ्या. पाच-दहा भरघोस कणसं निवडून त्यांचंच बी करायची सवय पुष्कळांना असते. दिसायला ते चांगलं, पण चार-पाच वर्षांत वाणातला वेगवेगळेपणा आटतो आणि दुष्काळी वर्षी सगळंच एकदम मार खातं. वरई आणि नाचणी स्वपरागी, त्यामुळे दोन वाणांमध्ये तीन मीटर अंतर पुरतं. खुरासणीचं परागीकरण मधमाश्या करतात, तिथं लहान शेतात वाण शुद्ध ठेवायचा आग्रह धरू नका.

पेरणीच्या महिनाभर आधी उगवण तपासा. शंभर दाणे मोजून ओल्या सुती फडक्यात गुंडाळा, फडकं ओलसर ठेवा, सातव्या दिवशी कोंब मोजा. ८० च्या वर निघाले तर नेहमीचं प्रमाण. ६० ते ८० असतील तर बी त्या मानानं वाढवा. त्याखाली गेलं तर ते बी खायला वापरा. लावणीसाठी एकरी दोन किलो, ओळीत पेरायचं तर साडेतीन-चार किलो बी पुरतं. रोप २० ते २५ दिवसांचं झालं की आवणी करा. ३० सेंमी अंतराच्या ओळी, ओळीत १० सेंमी. रोप महिन्यावर गेलं की फुटवे घटतात. पाऊस लांबला तर सगळ्या बियाण्याचं रोप एकदम टाकू नका, आठवड्याच्या अंतरानं दोन टप्पे करा.

शेतकऱ्याला आपलं बी जपायचा, वापरायचा, देण्याघेण्याचा आणि ब्रँडचं लेबल न लावता विकायचाही हक्क २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानं दिला आहे. स्थानिक वाणाची शेतकरी-वाण म्हणून नोंदणीही त्याच कायद्याखाली होते. बियाणं बँक घालायची तर अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांचं काम नमुन्यासारखं आहे. २०२० सालच्या पद्मश्रीत त्यांचं नाव होतं. बँकेचा नियम साधा ठेवा: एक किलो न्या, हंगामानंतर दोन किलो परत द्या. परत आलेलं बी उगवण तपासल्याशिवाय डब्यात ओतायचं नाही.

कापणी आणि मळणी: खडा इथं शिरतो

वरईची तक्रार म्हणजे खडा. घरी बाई वरई धुताना रोळून खडा काढते खरी, पण पाकिटावर 'निवडलेली' लिहिलं असेल आणि दाताखाली एक कचकन आला, तर ते गिऱ्हाईक पुन्हा येत नाही.

वरईचे हजार दाणे जेमतेम दोन-अडीच ग्रॅम भरतात. खळ्याच्या मातीतली वाळू बरोबर त्याच आकाराची असते. चाळणीनं ती निघत नाही, कारण चाळणी आकार बघते. वजनावर वेगळं करणारं यंत्र म्हणजे डिस्टोनर. तेही दाण्याच्या जवळपास वजनाचे बारीक खडे सोडतं. म्हणून खडा आत येऊच न देणं हे सर्वांत स्वस्त काम.

कणसं साधारण ऐंशी टक्के पिवळी पडली की कापा. पूर्ण वाळायची वाट पाहिली तर दाणा शेतातच झडतो. सकाळी दव असताना कापणी केली तर झड कमी. मुळासकट उपटू नका, मुळांबरोबर माती येते. पेंढ्या दोन-तीन दिवस ताडपत्रीवर किंवा पेंढ्याच्या थरावर वाळवा. मळणी ताडपत्रीवरच, शेणानं सारवलेल्या खळ्यावरही ताडपत्री घालून. डांबरी रस्त्यावर गाड्यांखाली मळलेला माल गटानं घेऊ नये. त्यात खडी, टायरचे कण, तेलाचे डाग सगळं येतं. प्रत्येक घराला १५ बाय २० फुटांची जाड ताडपत्री गटानं उसनी दिली तर तो खर्च भरडीतच वसूल होतो. उफणणी आणि सुपानं पाखडणं घरीच होऊ द्या, भुसकट वाहून आणायला भाडं कशाला भरायचं?

वाळवण

उद्दिष्ट १२ टक्के ओल. ताडपत्रीवर दोन इंचांपेक्षा जाड थर नको, तासा-दीड तासानं फण्यानं हलवा, संध्याकाळी झाका. ओल मोजायचं यंत्र गटात एक तरी हवं, पण घेताना त्यात वरईचं किंवा बारीक तृणधान्याचं माप बसवलेलं आहे का ते बघा. गव्हाच्या मापावर वरई मोजली तर आकडा फसवा येतो.

यंत्र नसेल तर मिठाची बाटली. कोरड्या काचेच्या बाटलीत पाव बाटली धान्य आणि दोन चमचे भाजून कोरडं केलेलं मीठ घाला, जोरात हलवा, दहा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओल १५ टक्क्यांच्या वर आहे, माल परत उन्हात. चिकटलं नाही म्हणजे १२ वर आला असं मात्र नाही, पुढं आणखी एक दिवस ऊन द्याच.

ओलीचा पैशाशी थेट संबंध आहे. १४ टक्के ओलीचा क्विंटल १२ वर आला की ९७.७ किलो उरतो, म्हणजे सव्वादोन किलो पाणी धान्याच्या भावानं घेतलं. ही वजावट कशी करणार ते वजन करण्याआधी शेतकऱ्याला सांगा. वजनानंतर काढलेली वजावट म्हणजे फसवणूकच वाटते, आणि व्यापाऱ्यांनी तसं वाटायला पुरेशी कारणं दिलेली आहेत.

खरेदीचा दिवस

आधी एक अडचण, जी कागदावरच्या आराखड्यात कधीच दिसत नाही. आषाढ-श्रावणात घरातलं धान्य संपतं तेव्हा गावातला शेठ खावटी (खाण्यापुरती उसनवारी) देतो आणि दिवाळीला ती धान्यात वळती करतो. गटाचा भाव किलोला पाच रुपयांनी जास्त असला तरी माल शेठकडेच जातो, कारण शब्द श्रावणात गेलेला असतो. म्हणून खरेदीची तयारी दसऱ्याला नव्हे, ज्येष्ठातच. बचतगटाच्या निधीतून सभासदाला खावटीइतकी, म्हणजे अपेक्षित मालाच्या किमतीच्या पाव हिश्शापर्यंत उचल द्या आणि ती वहीत लिहा. याला भांडवल कमी पडत असेल तर सभासद कमी घ्या, उचल बंद करू नका.

खरेदीला लागणारं साहित्य: वजनमाप विभागाचा शिक्का असलेला काटा, ओल मोजायचं यंत्र, गोणीत खुपसून नमुना काढायची परखी, अर्ध्या ग्रॅमपर्यंत मोजणारा लहान काटा, पांढरं ताट, पाण्याचं पातेलं, नवीन गोण्या. पायलीनं खरेदी नको, पायलीचं वजन गावागणिक आणि पिकागणिक बदलतं.

प्रत्येक गोणीतून वर, मध्ये, खाली अशा तीन ठिकाणचा नमुना काढा आणि एकत्र करून २५० ग्रॅम घ्या. त्यातले १०० ग्रॅम पांढऱ्या ताटात पसरून भुसा, तणाचं बी, काळे आणि पोचट दाणे वेगळे करून वजन करा. दुसरे १०० ग्रॅम पातेल्यात घेऊन रोळा, तळाशी राहिलेली वाळू बोटाला लागते. उरलेले ५० ग्रॅम नाव-तारीख लिहून डबीत ठेवा, भांडण झालं तर उपयोगी पडतात. खडा दिसला तर भाव कमी करण्यापेक्षा माल परत न्यायला लावा. भाव कमी केला की खडा तुमच्या गोदामात आला, आणि शेजारच्यानं ताडपत्री वापरण्याचं कारणही संपलं.

गोणीवर लॉटचा क्रमांक: गाव, वाण, तारीख, शेतकऱ्याचा अनुक्रमांक. हळवी आणि गरवी वेगळ्या ठेवा. खताच्या जुन्या गोण्या कितीही धुतल्या तरी वापरायच्या नाहीत.

पैसे? वजनाच्या दिवशी ठरलेली पूर्ण रक्कम द्या, आणि हंगाम संपल्यावर नफ्यातून किलोमागे बोनस. 'निम्मे आत्ता, निम्मे विक्रीनंतर' ही पद्धत शहरी मंडळींना न्याय्य वाटते. दिवाळीच्या आठवड्यात ज्याला कपडे आणि किराणा आणायचाय त्याला ती परवडत नाही.

साठवण सालासकट

या साखळीचं कॅलेंडर उलटं आहे. माल येतो ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. मागणी मात्र महाशिवरात्र, आषाढी, श्रावण आणि नवरात्र अशी पुढच्या वर्षभर विखुरलेली. नवरात्रातली मागणी तर नवं पीक येण्याच्या आधीच येते, म्हणजे ती गेल्या वर्षीच्या मालावर भागवायची. ज्याच्याकडे आठ-दहा महिने माल धरायची ताकद आहे तोच कमावतो.

धरायचा तर सालासकट. सालातली वरई नीट वाळवलेली असेल तर वर्ष-दीड वर्ष सहज टिकते, किडीलाही तिच्यात शिरणं जड जातं. भरडली की अंकुर आणि कोंड्यातलं तेल हवेला उघडं पडतं, आणि दोन-तीन महिन्यांत खवट वास येऊ लागतो. त्यात तांदळातला पतंगही जाळी धरतो. म्हणून नियम असा: पुढच्या चार-पाच आठवड्यांत विकली जाईल तेवढीच भरडायची.

गोण्या जमिनीपासून अर्धा फूट वर लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दोन फूट लांब. मृगाच्या आधी एकदा सगळ्या गोण्यांची ओल तपासा, १३ च्या वर गेलेल्या उन्हात काढा. पावसाळ्यासाठी हवाबंद पिशव्या घेतल्या तर उत्तमच, फक्त उंदराचं एक भोक पडलं की त्यांचा उपयोग संपला.

इथं थोडं थांबायला हवं. एकादशी, महाशिवरात्रीच्या सुमारास भगरीतून (दुकानात मिळणाऱ्या सोललेल्या वरईतून किंवा साव्यातून) विषबाधा झाल्याच्या बातम्या राज्यात वरचेवर येतात, आणि अन्न व औषध प्रशासन दर वेळी तीच सूचना देतं: सुटी भगर आणि भगरीचं पीठ टाळा, ओलसर जागी ठेवू नका. कारण बुरशी. दमट हवेत ॲस्परजिलस वर्गातल्या बुरशी या धान्यावर वाढतात आणि विषारी द्रव्यं तयार करतात. ती उन्हात वाळवून किंवा शिजवून जातीलच असं धरून चालता येत नाही. कोद्रा या दुसऱ्या भरडधान्याचंही असंच आहे. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या बांधवगडमध्ये दहा हत्ती मेले ते बुरशी लागलेला कोद्रा खाऊन. तेव्हा गोणी उघडल्यावर कुबट वास आला किंवा दाण्यांचे गठ्ठे झालेले दिसले, तर ती गोणी खाण्यासाठी संपली. जनावरांनाही घालू नका. आणि गटानं वरईचं पीठ विकूच नये. गिऱ्हाईकाला दाणे द्या, पीठ तो दळून घेईल.

भरड

नाचणीला वर घट्ट टरफल नसतं, साफ केली की सरळ दळता येते. वरई, राळा, सावा, कोद्रा यांचं टरफल काढावंच लागतं. पूर्वी ते काम घिरटीवर आणि उखळात व्हायचं, म्हणजे बायकांच्या खांद्यांवर. तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात बारीक तृणधान्यं मागे पडण्याची जी कारणं पुढे आली त्यात हे कांडण ठळक होतं, आणि गावात यंत्र आल्यावरच तिथं घरचं खाणं पुन्हा सावरू लागलं.

पहिल्या वर्षी यंत्र घेऊ नका. साधा हिशेब: तासाला १०० किलोचं यंत्र, दिवसाला सहा तास, वर्षाला २०० दिवस, म्हणजे १२० टन माल हवा. एका घराकडून विकण्यासारखी वरई दीड क्विंटल धरली तर ८०० घरं लागतील. तीस घरांचे ४५ क्विंटल त्या यंत्राला आठ दिवसही पुरणार नाहीत. नाशिक परिसरात भगरीच्या जुन्या मिल आहेत, तिथं भरड करून घ्या. जाताना तीन गोष्टी ठरवून जा. तुमच्या आधीचा माल पूर्ण संपवून यंत्र रिकामं फिरवायचं. बाहेर पडणारे पहिले दहा किलो वेगळे काढायचे, कारण त्यात आधीचा माल मिसळलेला असतो. आणि पॉलिश नको, हे तोंडी नाही तर कामाच्या चिठ्ठीवर लिहून घ्यायचं. गटाचा माणूस यंत्रापाशी उभा राहिलाच पाहिजे.

माल वाढला आणि स्वतःचं युनिट टाकायचं झालं तर क्रम असा: आधी कचरा काढणारी चाळण, मग आकारानुसार प्रतवारी, डिस्टोनर, हलर, भुसा ओढणारा पंखा, पुन्हा चाळण. बारीक दाण्यासाठी आदळून टरफल फोडणारा हलर लागतो, ज्यात फिरणारी चकती दाण्याला भिंतीवर फेकते. भाताचे रबरी रूळ इथं नीट चालत नाहीत. तीन फेज वीज आणि भारनियमनाचं वेळापत्रक आधी बघा. भुशाची धूळ फार उडते, पंख्याचा पाइप बाहेर सायक्लोनला (धूळ वेगळी करणाऱ्या नळकांड्याला) जोडल्याशिवाय कोणाला आत उभं करू नका. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत यंत्रासाठी ३५ टक्के, वैयक्तिक उद्योगाला कमाल १० लाखांपर्यंत अनुदान ठेवलेलं आहे. अर्ज करण्याआधी त्या वर्षी योजना चालू आहे का ते तालुका कृषी अधिकाऱ्याकडून बघून घ्या, आणि अनुदान येईल या भरवशावर यंत्राची ऑर्डर देऊ नका.

चालवताना सर्वांत जास्त नुकसान होतं ते घाईनं. भरडताना ओल १० ते १२ टक्के हवी. त्याहून ओली असेल तर टरफल सुटत नाही आणि चाळण्या बुजतात, फार कोरडी असेल तर दाणा फुटतो. चकतीचा वेग बदलता येणारं यंत्र घ्या. मोठ्या दाण्याचं टरफल मंद वेगातच सुटतं, त्याला बारीक दाण्याचा वेग दिला तर कणी होते, म्हणून तर आधी प्रतवारी. पहिल्या फेरीत ८०-८५ टक्के दाणे सोलून निघाले तर समाधान माना. तोटीखालून मूठभर घ्या, काळ्या कागदावर पसरा, शंभर दाण्यांत सालासकट किती राहिले ते मोजा. आता फक्त न सोललेले दाणे चाळणीनं वेगळे करून परत घाला. सगळाच ढीग दुसऱ्यांदा यंत्रात ओतला तर सोललेले दाणे घासले जातात, कोंडा जातो, कणी वाढते. बाजारात पांढरीशुभ्र मिळणारी भगर अशीच होते. तुमची थोडी पिवळसर-करडी दिसणार. पाकिटावर तसं एका ओळीत लिहा, नाहीतर दुकानदार जुना माल समजून परत पाठवेल.

हिशेब

पुढचे भाव समजावण्यापुरते धरलेले आहेत, तुमच्या गावचे घालून पुन्हा मांडा. सालासकट वरई १०० किलो, ४५ रुपयांनी ४,५०० रुपये. वाहतूक, हमाली, बारदान २५०. साफसफाई आणि भरड ७००. सहा महिने माल धरल्याचं व्याज आणि गोदाम ३००. एकूण ५,७५०. यातून मिळते ६२ किलो वरई आणि ४ किलो कणी, बाकी कोंडा, भुसा, कचरा. कणी ४० रुपयांनी विकली की १६० रुपये आले. उरलेले ५,५९० भागिले ६२, म्हणजे किलोला ९० रुपये. अर्ध्या किलोची पाकिटं, लेबल, भरणावळ मिळून किलोला १२. दुकानापर्यंत पोहोचवणं आणि परत आलेला माल ८. झाले ११०. गटाचे १२ धरले तर १२२. पाकीटबंद, लेबल लावलेल्या धान्यावरचा ५ टक्के जीएसटी धरून दुकानदाराला १२८, आणि छापील किमतीवर तो २० टक्के ठेवतो असं धरलं तर छापील किंमत १६०.

आता भरड बिघडून ६२ ऐवजी ५२ किलोच वरई मिळाली आणि १२ किलो कणी झाली असं समजा. ५,७५० मधून कणीचे ४८० वजा, भागिले ५२: किलोला १०१ रुपये. गटाच्या १२ रुपयांतले ११ गेले. भावासाठी दुकानदाराशी दोन रुपयांवर घासाघीस करण्यापेक्षा यंत्रापाशी एक दिवस उभं राहणं का परवडतं, ते इथं दिसतं. कणी फेकू नका, इडली-डोशाच्या भिजवणीला आणि खिरीला ती चालते, खानावळवाले घेतात.

पाकीट, परवाना, गिऱ्हाईक

अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी किंवा परवाना उलाढालीनुसार घ्या, पाकिटावर त्याचा क्रमांक टाका. भरडधान्यांच्या १५ प्रकारांसाठी प्राधिकरणाची एकत्रित मानकं १ सप्टेंबर २०२३ पासून लागू आहेत. ओल, बाहेरचा कचरा, इतर धान्य, किडका आणि पोचट दाणा, युरिक आम्ल वगैरे निकष त्यात येतात. पहिल्या लॉटचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून तपासून घ्या. पाकिटावर पॅक करणाऱ्याचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, पॅकिंगची तारीख, छापील किंमत आणि एककाची किंमत (अर्ध्या किलोच्या पाकिटावर प्रति ग्रॅम), बॅच, तक्रारीसाठी फोन, शाकाहारी खूण हे हवंच. 'भगर' या नावाखाली दुकानात वरईही विकली जाते आणि सावाही, तेव्हा कोणतं धान्य ते स्पष्ट लिहा. प्रमाणपत्र नसताना 'सेंद्रिय' छापू नका. पाचेक शेतकऱ्यांचा गट असेल तर सहभागी हमी पद्धतीची, म्हणजे पीजीएसची वाट स्वस्त पडते. 'उत्तम वापर' भरडीपासून दोन महिने लिहा, पॅकिंगपासून नव्हे. प्रत्येक बॅचचं एक पाकीट स्वतःकडे ठेवून महिन्यातून एकदा शिजवून बघा.

विक्री सुरू करा ती उपवासाच्या गिऱ्हाइकापासून, ते आधीच तयार आहे. आषाढीच्या महिनाभर आधी दुकानात माल हवा, म्हणजे भरड मेअखेरीस. मृगाच्या दमट हवेत भरडायची पाळी येऊ देऊ नका. मग त्याच गिऱ्हाइकाला रोजच्या खाण्याकडे वळवा. पाकिटावर प्रमाण द्या: एक वाटी वरई, तव्यावर कोरडी भाजून, अडीच वाट्या आधणाचं पाणी, झाकण ठेवून मंद आचेवर बारा-पंधरा मिनिटं. भाजली नाही तर गोळा होतो आणि दोष वरईला लागतो. आश्रमशाळा, वसतिगृहं, खानावळी हे बिनउपवासाचे गिऱ्हाईक. त्यांना ३० किलोची गोणी द्या, भाव कमी ठेवा, पण पुरवठ्याचं वेळापत्रक सहा महिन्यांचं लिहून घ्या. सरकारी पुरवठ्यात बिलं लांबतात, खेळत्या भांडवलाच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त माल तिकडे अडकवू नका.

नागली याच वाटेनं न्यायची, पण तिथं वाणाचं नाव विकलं जातं. शितोळी, दसरबेंद्री असे लॉट वेगळे ठेवून लहान पाकिटं करा, त्यांचं पीठ मात्र मागणीनुसार पंधरवड्याचंच. खुरासणी घाण्यावर गाळून तेल विका, पेंड सभासदांच्या दुभत्या जनावरांना परत द्या.

चैत्रातली बैठक

अक्षय्य तृतीयेच्या आधी गटाची बैठक घ्या. फळ्यावर चार आकडे मांडा: गेल्या वर्षी खरेदी किती, भरडीचा उतारा किती टक्के, परत आलेली पाकिटं किती आणि कशामुळे, गोदामात सालासकट शिल्लक किती. त्याखाली प्रत्येक घरासमोर यंदा कोणत्या तुकड्यात काय येणार ते लिहा. गेल्या वर्षी जिथं वरई होती तिथं खुरासणी धरा, आणि वरईच्या बियाण्याची मागणी त्या हिशेबानं बियाणं बँकेकडे द्या. शिल्लक माल नवरात्रापर्यंत पुरेल त्यापेक्षा जास्त असेल तर नवीन सभासद या वर्षी घ्यायचे नाहीत.